परक्या प्रेक्षकांसमोर स्टँड-अप: सेट न्यायच्या आधी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

घरच्या प्रेक्षकांत हमखास चालणारा वीस मिनिटांचा सेट (सलग सादर करायचे विनोद) वेगळ्या संस्कृतीतल्या लोकांसमोर नेला आणि हॉल गार पडला, की कॉमेडियन दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळा होतो. ‘यांना विनोदच कळत नाही,’ नाहीतर ‘माझं मटेरियलच फालतू आहे.’ पहिला निष्कर्ष काढणारा काही शिकत नाही. दुसरा काढणारा चांगले बिट, म्हणजे एकेका विषयावरचे विनोदी तुकडे, फेकून देतो. ही चूक मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिली आहे की शेवटी सगळं क्रमानं लिहून काढायचं ठरवलं.

आधी एवढं पक्कं लक्षात घ्या: शांततेची कारणं तीन असतात.

१. संदर्भ कळला नाही.
२. कळला, पण त्यावर हसणं बरं वाटलं नाही.
३. विनोद आवडला, पण मोठ्यानं हसायची रीत नाही.

पहिल्या शांततेत माहिती पेरावी लागते, दुसरीत विनोदाची दिशा बदलावी लागते आणि तिसरीत फक्त थांबावं लागतं. गडबड नेमकी इथेच होते. थांबायला हवं तिथे लोक समजावत बसतात आणि दिशा बदलायला हवी तिथे आवाज चढवतात. ‘ते लोक हसतच नाहीत’ हे तर डोक्यातून काढूनच टाका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नामिबियातल्या दुर्गम वस्त्यांमधल्या हिंबा लोकांना आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना एकमेकांचे आवाज ऐकवले होते. गमतीचं हसू दोघांनीही बरोबर ओळखलं. हसू सगळीकडे आहे. ते कधी, कशावर आणि कोणासमोर बाहेर पडतं, हे बदलतं.

टप्पा १: सेट कागदावर उतरवा, दोन रकाने आखा

गेल्या दोन-तीन प्रयोगांचं रेकॉर्डिंग ऐका आणि सेट जसा बोललात तसा शब्दशः लिहून काढा. आठवणीतून लिहू नका. आठवणीतला सेट आणि स्टेजवरचा सेट कधीच एक नसतात. हशा कुठे आला, टाळी कुठे आली आणि तुम्ही किती थांबलात, हे समासात टिपा.

मग प्रत्येक पंचसमोर, म्हणजे हशा आणणाऱ्या ओळीसमोर, दोन रकाने आखा. पहिल्यावर लिहा ‘माहीत’, म्हणजे हा पंच बसायला ऐकणाऱ्याला आधीपासून काय माहीत असावं लागतं. दुसऱ्यावर लिहा ‘मान्य’, म्हणजे त्याला आधीपासून काय पटलेलं असावं लागतं.

पहिला रकाना सगळे भरतात: अमुक नेता, तमुक मालिका, गल्लीतला शब्द. दुसरा रकाना रिकामा राहतो, आणि सेट पडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच रकान्यामुळे. घरच्या प्रेक्षकांना जे मान्य असतं ते तुम्हालाही मान्यच असतं, म्हणून ते दिसत नाही. घाई करू नका, या रकान्याला एक पूर्ण संध्याकाळ द्या.

*तपासा:* दहा पंचांपैकी निदान सात-आठ पंचांसमोर ‘मान्य’ रकान्यात काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर पुन्हा बसा.

टप्पा २: प्रेक्षकांची माहिती काढा, पण नेमके प्रश्न विचारून

आयोजकांना ‘क्राउड कसा आहे?’ असं विचारलं की ‘एकदम मस्त’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी हे विचारा:

- कोण कोणाबरोबर येणार? मित्रमित्र, जोडपी, तीन पिढ्यांची कुटुंबं की एकाच कार्यालयातली माणसं?
- मी ज्या भाषेत बोलणार, ती किती जणांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे?
- मागच्या कार्यक्रमात कोणत्या विषयावर हॉल बंद पडला होता?
- हॉलमध्ये अशी कोणी व्यक्ती असेल का, जिच्याकडे पाहूनच बाकीचे हसतील?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तो टाळू नका. एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात मी साउंडवाल्याच्या शेजारी उभा होतो. पुढच्या सोफ्यावर संस्थेचे सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ बसले होते. प्रत्येक पंचनंतर दोनशे माना क्षणभर त्या सोफ्याकडे वळायच्या आणि मग खाली जायच्या. कॉमेडियन चांगली होती, मटेरियलही स्वच्छ होतं. साधारण अकराव्या मिनिटाला तिनं गुडघेदुखी लपवत जिना चढणाऱ्या माणसाची नक्कल केली आणि त्या गृहस्थांचे खांदे हलायला लागले. त्यानंतर हॉल सुटला. नंतरचे पंच आधीच्यांपेक्षा काही थोर नव्हते. मोकळीक मिळाली होती, एवढंच. ही मोकळीक अकराव्या मिनिटाला मिळेल की पहिल्या, हे आधी विचारलेल्या एका प्रश्नावर ठरतं.

*इशारा:* देश म्हणजे प्रेक्षक नव्हे. एकाच देशातली दोन वयं, दोन व्यवसाय, स्थलांतर केलेले आईवडील आणि परदेशात वाढलेली त्यांची मुलं हे सगळे वेगळे प्रेक्षक असतात. आईवडिलांच्या उच्चारांवर मुलं पोट धरून हसतात. तोच बिट आईवडिलांना अपमानासारखा लागू शकतो, आणि दोघं एकाच रांगेत बसलेले असतात. ‘अमुक लोकांना तमुक आवडतं’ असली वाक्यं वहीत लिहूच नका.

टप्पा ३: प्रिमाइस (विनोद ज्यावर उभा असतो ते गृहीतक) उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे. एकच उदाहरण घेऊन नीट पाहू.

मूळ ओळ अशी आहे: ‘मी तीस वर्षांचा आहे आणि अजून आईवडिलांकडे राहतो.’

सज्ञान झालं की मुलांनी घर सोडायचं, अशी रीत असलेल्या समाजात ही ओळ म्हणजे कबुलीजबाब असतो. पंचच्या आधीच हशा येतो आणि पुढचे तीन पंच त्या हशावर तरंगत जातात. तीन पिढ्या एका छपराखाली राहणं जिथे नेहमीचं आहे, तिथे हा नुसता पत्ता झाला. लोक नम्रपणे वाट बघतात: बरं, मग? ‘माहीत’ रकाना इथे कोराच आहे, कारण प्रत्येक शब्द कळलेला आहे. खोट आहे ती ‘मान्य’ रकान्यात: ‘तिशीत वेगळं न राहणं ही फजिती आहे.’ ही संमतीच या हॉलमध्ये नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय चुकीचा आहे. ‘तुम्हाला सांगतो, आमच्याकडे काय असतं, मुलं अठराव्या वर्षी बाहेर पडतात, त्यामुळे जो राहतो त्याला लोक...’ हे समाजशास्त्राचं व्याख्यान झालं. ते संपेपर्यंत पंच शिळा होतो.

चालणारे उपाय दोन आहेत. पहिला, त्या संमतीच्या खाली काय दडलंय ते शोधणं. इथे खाली आहे मोठं होऊनही मोठं न मानलं जाणं, आणि ते सगळीकडे आहे. मग ओळ अशी होते:

‘तीस वर्षांचा झालोय. स्वतःचा पगार आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. रात्री उशीर झाला की अजूनही बूट हातात घेऊन घरात शिरतो.’

आता कोणाचीही आगाऊ संमती लागत नाही. शिवाय बोटांवर टाकलेली दोन पावलं करून दाखवता येतात. शब्द हुकला तरी पाय दिसतात.

दुसरा उपाय म्हणजे रीतच विनोदाच्या पोटात घालून सांगणं:

‘माझ्या भावानं अठराव्या वर्षी घर सोडलं. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच्या खोलीत शिलाई मशीन ठेवलं. माझ्या खोलीत ती रोज मोजायची टेप घेऊन येते.’

आता ज्याला ती रीत ठाऊक नव्हती त्यालाही ती तीन वाक्यांत कळली, आणि समजावल्यासारखं कुठेच वाटलं नाही. माहिती एखाद्या माणसाच्या अंगावर घालून द्यायची, हे सूत्र.

सेटमधल्या प्रत्येक नापास प्रिमाइसवर या दोनपैकी एक उपाय करून बघा. दोन्ही लागू पडत नसतील तर त्या प्रेक्षकांपुरता तो बिट बाजूला ठेवा.

*चूक:* नुसती नावं बदलणं. आपल्या नेत्याच्या जागी त्यांचा नेता, आपल्या शहराच्या जागी त्यांचं शहर घातलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. मूर्खपणाच्या विनोदांचा अभ्यास केलेले समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी दाखवून दिलं होतं की एकच साचा देशोदेशी फिरतो. ब्रिटनमध्ये त्यातला मूर्ख आयरिश माणूस असतो, फ्रान्समध्ये बेल्जियन, अमेरिकेत पोलिश. पण हसणारा आणि ज्याला हसायचं तो, ही जोडी वाटेल तशी पडत नाही. ती बहुधा स्वतःला केंद्र समजणारे आणि त्यांच्या कडेला राहणारे अशी असते. बाहेरून येऊन तुम्ही भलतीच जोडी लावलीत, तर साचा ओळखीचा असूनही हॉल बुचकळ्यात पडतो. बरोबर जोडी लावलीत, तर त्यांचं जुनं भांडण तुमच्या तोंडून ऐकतो. दोन्ही नकोत.

टप्पा ४: विनोद कोणाच्या दिशेनं जातोय ते बघा

२०१० साली पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते: काहीतरी मोडलंय असं वाटणं आणि त्यातून कोणाला इजा नाही असं वाटणं, ही दोन्ही एकाच वेळी झाली की हसू येतं. मोडलं नाही तर कंटाळा, इजा वाटली तर राग. काय मोडलं आणि कशानं इजा होते, याची रेघ समाजागणिक सरकते.

कोण कोणाची थट्टा करू शकतो, हेही ठरलेलं असतं. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली यावर लिहिलं. काही नात्यांत थट्टा करणं जवळपास बंधनकारक असतं, काही नात्यांत नजर वर करायचीही सोय नसते. नायजरमधली थट्टेच्या नात्यांची परंपरा २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तिथे ठरावीक समूह एकमेकांची उघड टर उडवतात आणि त्यातून सलोखा टिकतो. तीच टर तिसऱ्यानं उडवली तर सलोखा कसला राहणार? स्टेजवर तुम्ही तो तिसरा असता.

म्हणून प्रत्येक बिटसमोर एक बाण काढा: स्वतःकडे, स्वतःच्या लोकांकडे, समोरच्यांकडे की गैरहजर तिसऱ्यांकडे. सेटच्या पहिल्या अर्ध्या भागात समोरच्यांकडे जाणारा एकही बाण नको.

‘मग स्वतःवरच विनोद केले की निर्धास्त’ हा समजही तपासून घ्या. स्टेजवरच्या माणसाला मान द्यायचा असतो असं मानणाऱ्यांना त्याची स्वतःची नालस्ती ऐकून अवघडल्यासारखं होतं. काहींना खरंच वाईट वाटतं आणि हॉलमध्ये सहानुभूतीचा सुस्कारा ऐकू येतो. यावर उपाय सोपा आहे: फजिती सांगताना तुम्ही त्यातून सावरला आहात हे आधी दिसू द्या. पाठ ताठ, आवाज निवांत, ‘गेल्या वर्षीची गोष्ट’ अशी सुरुवात. जखम भरलेली दिसली की लोक हसतात.

टप्पा ५: भाषा आणि वेग

कोट्या सरळ काढून टाका. भाषांतरात एखादी टिकली तर ते नशीब, तिच्यावर सेट उभारू नका.

शब्दांचा क्रम मात्र हातानं बसवावा लागतो. धक्का देणारा शब्द शेवटी यायला हवा आणि प्रत्येक भाषेत शेवटची जागा वेगवेगळ्या शब्दाकडे असते. मराठीत तिथे क्रियापद येऊन बसतं. ‘वाटलं पोलीस असतील, पण दारात आई उभी होती’ यात ‘आई’ नंतर दोन शब्द उरतात आणि हशा त्यांच्यावर सांडतो. ‘वाटलं पोलीस. दार उघडलं. आई.’ असं केलं की शेवट बंद होतो. सेट दुसऱ्या भाषेत नेताना प्रत्येक पंचचं शेवटचं अक्षर कुठलं येतंय ते मोठ्यानं म्हणून बघा. हे काम होण्यासारखं आहे. ब्रिटिश कॉमेडियन एडी इझार्ड यांनी इंग्रजीबरोबरच फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्येही पूर्ण प्रयोग केले आहेत.

दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्यांचा हशा उशिरा येतो, कधीकधी दोन लाटांत. पहिल्या लाटेवर पुढचं वाक्य सुरू केलंत की दुसरी लाट मरते. वेग कमी करायचा तो वाक्यांच्या मध्ये, शब्दांत नव्हे. शब्द ताणून बोललात तर लोकांना वाटतं आपल्याला लहान मूल समजतायत.

गंभीर चेहऱ्यानं उलटं बोलण्याची शैली असेल तर जास्त जपून. जपानच्या मानझाई या विनोदी प्रकारात दोघं असतात: एक खुळ्यासारखं बोलतो, दुसरा त्याला तिथल्या तिथे टोकतो. चीनच्या श्यांगशेंग या विनोदी संवादकलेचा बहुप्रचलित प्रकारही दोघांचा, एक बोलणारा आणि एक त्याला साथ देणारा. अशा जोडीत दुसरा माणूस ‘हसायची जागा ही’ अशी खूण करतो. तुम्ही एकटे उभे राहून दगडी चेहऱ्यानं मूर्खासारखं काही बोललात तर ती खूण कोण करणार? तीही तुम्हीच करा. ओळ म्हणा, एक पाऊल बाजूला सरका आणि स्वतःलाच टोका: ‘हे मी मोठ्यानं बोललो?’ सवयीनं ही ओळ नको वाटेल. या प्रेक्षकांसाठी ती ठेवा.

टप्पा ६: तिघांना ऐकवा, पण पंच झाकून

त्या पार्श्वभूमीची तीन माणसं शोधा, शक्यतो वेगवेगळ्या वयांची. तुमच्यासोबत दहा वर्षं राहिलेला मित्र चालणार नाही, त्याला तुमची सवय झालेली असते.

सेटअप, म्हणजे पंचच्या आधीची तयारीची वाक्यं, सांगा आणि पंचच्या आधी थांबा. विचारा: ‘आता पुढे काय होईल असं वाटतं?’ तुम्ही ज्या अपेक्षेला धक्का देणार आहात, तीच अपेक्षा त्यांच्या तोंडून आली तर सेटअप काम करतोय. भलतंच काही आलं तर पंच कितीही पॉलिश करा, मोडायला समोर काही उभंच नाही.

मग पंच सांगा आणि दुसरा प्रश्न विचारा: ‘हे कोणासमोर बसून ऐकताना हसू आवराल?’ ‘आवडलं का?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. या प्रश्नाला मात्र खरी उत्तरं मिळतात: ‘वडिलांसमोर’, ‘वहिनीसमोर’, ‘ऑफिसात’. ती टप्पा दोनमधल्या माहितीशी ताडून बघा.

*थांबा:* तिघांपैकी दोघांनी एकाच बिटवर ‘नको’ म्हटलं तर वाद घालू नका. तुम्ही बरोबर असलात तरी त्या हॉलमध्ये तुमची बाजू मांडायला वेळ मिळणार नाही.

टप्पा ७: क्रम लावा

पहिली दोन मिनिटं प्रेक्षक विनोद ऐकतच नसतात. हा कोण, कुठला, आपल्याबद्दल याला काय वाटतं, हेच चाचपत असतात. ते कुतूहल आधी मोकळं करा. नाव, उच्चार, दिसणं यांपैकी जे पहिल्यांदा डोळ्यांत भरतं त्याबद्दल एक बिट, आणि तो अंगाभिनय असलेला. त्यानंतर सगळ्यांच्या ओळखीचे विषय: झोप, शरीर, भीती, घरातली माणसं. संदर्भ लागणारे बिट मध्यावर. जोखमीचा एकच, आणि तो मध्यानंतर.

कॉलबॅक (आधी येऊन गेलेली गोष्ट नंतर परत आणणं) मात्र पहिल्या पाच मिनिटांतच पेरा. परक्या हॉलमध्ये याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही मला आढळलेलं नाही. बाहेरचा संदर्भ अर्ध्यांचाच असतो. हॉलमध्येच तयार झालेला संदर्भ प्रत्येकाचा असतो, कारण तो घडला तेव्हा सगळे हजर होते. चौथ्या मिनिटाची बूट हातात घेतलेली पावलं अठराव्या मिनिटाला एकही शब्द न बोलता परत आणा आणि हॉलकडे बघा.

टप्पा ८: स्टेजवर शांतता वाचा

कार्यक्रमाआधी विखुरलेल्या लोकांना पुढे आणि जवळ बसवा. हसण्यावर संशोधन करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं की माणूस एकटा असतानाच्या तुलनेत लोकांत सुमारे तीसपट जास्त हसतो. मध्ये रिकाम्या खुर्च्या असल्या की प्रत्येक जण थोडा एकटाच असतो. जिथे हसण्याआधी शेजाऱ्याचा अंदाज घेतला जातो, तिथे याचा फटका जास्त.

शांतता झालीच तर चेहरे बघा:

- कपाळाला आठ्या, शेजाऱ्याच्या कानात कुजबुज: कळलं नाही. एका वाक्यात चित्र उभं करा आणि पुढे जा.
- नजर जमिनीकडे, अंग मागे, हाताची घडी: बोचलं. तो विषय तिथेच सोडा. माफीचं भाषणही नको आणि ‘अरे, जोक होता’ही नको.
- तोंडावर हात, हलणारे खांदे, पुढे झुकलेलं अंग: हसतायत. काही करू नका. दोन श्वास थांबा.

तिसरी खूण ओळखता न आल्यामुळे चांगले चाललेले प्रयोग बिघडतात. आवाज आला नाही म्हणून कॉमेडियन घाबरतो, वेग वाढवतो, मग शिवी घालून बघतो, आणि तोवर आनंदानं ऐकणारा हॉल खरोखरच मिटतो.

क्राउडवर्क (प्रेक्षकांशी थेट बोलून केलेले विनोद) शेवटी, आणि संमती असेल तरच. आपल्याला हसतील या भीतीची पाहणी ७३ देशांत झाली होती, तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ही भीती सगळीकडे सापडते, पण तिचं प्रमाण आणि ती दिसण्याची तऱ्हा बदलते. पुढच्या रांगेतल्या माणसाशी बोलायचंच असेल तर त्याला पंच करू नका, त्याला पंच मारू द्या. तो बोलला की हॉल त्याच्या बाजूनं हसतो, आणि त्यातला वाटा तुम्हालाही मिळतो.

टप्पा ९: दुसऱ्या दिवशी

रेकॉर्डिंग ऐका. त्याच रात्री नको, रात्री सगळंच वाईट वाटतं. जिथे जिथे शांतता आली तिथे १, २ किंवा ३ असा आकडा टाका, सुरुवातीला सांगितलेल्या तीन कारणांपैकी. खात्री नसेल तिथे आयोजकांना किंवा टप्पा सहामधल्या तिघांपैकी कोणाला तरी विचारून घ्या. ‘३’ जिथे आहे तिथे पेन लावू नका. उरलेल्यांपैकी एका प्रयोगात एका बिटमध्ये एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि हशा आला, तर तो कशानं आला ते कळायला मार्ग नाही.

सलग तीन प्रयोगांत एकाच जागी ‘२’ आला, तर त्या प्रेक्षकांसाठी तो बिट काढा. फाडू नका. तारीख आणि कारण लिहून घरच्या सेटच्या वहीत परत ठेवा, तिथे तो चालतोच आहे.